घरच्या घरी निवडा पियानोच्या हातोड्यांचं वजन

पियानोच्या आत हातोड्या असतात हे ज्यांना नुकतंच समजलं आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांना ते पूर्वीपासून ठाऊक आहे, त्यांनी पुढे वाचू नये. त्यांची मतं ठरून गेलेली असतात आणि ती आमच्याशी जुळण्याचा संभव कमी.

आठ सोप्या पायऱ्या संपल्या की हातोडीचं वजन किती असावं हे तुम्हाला ग्रॅममध्ये, तेही दशांश चिन्हासकट सांगता येईल, याची हमी आम्ही देतो. तो आकडा दुसऱ्या कोणाला पटेल, याची हमी देत नाही.

साहित्य

पियानो, एक. तो शक्यतो स्वतःचा असावा. दुसऱ्याचा असल्यास मालक बाहेरगावी असावा.

काटा, एक. किराणा दुकानातला चालणार नाही. सराफाकडे असतो तसा, निदान ग्रॅमचा दहावा हिस्सा दाखवणारा हवा. नवा घेताना दुकानदार ‘काय मोजणार?’ असं विचारतो. ‘हातोड्या’ असं उत्तर दिल्यावर तो तुमच्याकडे ज्या नजरेने बघतो, तिची सवय इथूनच करून घ्यावी.

छोटी पितळी वजनं, एक ग्रॅमपासून पन्नासपर्यंत. एक वही. पेन्सिल हवी; शाईपेन नको, कारण आकडे खोडावे लागणार आहेत.

पायरी पहिली : पियानो उभा आहे की आडवा, ते पाहा

हे वाटतं तितकं बालिश नाही. आडव्या पियानोत, म्हणजे ग्रँडमध्ये, हातोड्या तारांच्या खाली आडव्या पडलेल्या असतात. त्या खालून वर तारेवर आदळतात आणि स्वतःच्या वजनाने खाली येतात. त्यामुळे हातोडीचा भार सतत पट्टीवर असतो, म्हणजेच बोटावर असतो. उभ्या पियानोत हातोड्या जवळजवळ ताठ उभ्या असतात आणि पुढे झेपावून तारेवर आदळतात. तिथे त्यांचा भार पट्टीवर फारसा येत नाही आणि त्यांना मागे आणायला स्प्रिंगची मदत लागते. म्हणून उभ्या पियानोत हातोडीचं वजन काट्याला कळतं, आवाजाला कळतं, भरधाव वाजवताना बोटालाही कळतं. नुसत्या हळू दाबलेल्या पट्टीला मात्र ते जेमतेम कळतं.

आपल्याकडे घरांतून दिसतात ते बहुतेक पियानो उभे. तुमचाही उभा असेल तर तिसऱ्या ते पाचव्या पायरीतलं गणित तुम्हाला तंतोतंत लागू पडणार नाही. तरीही ते वाचा. चारचौघांत बोलायला उपयोगी पडतं.

पायरी दुसरी : हातोडी बाहेर काढा आणि तिचा आदर करा

ग्रँडमधला पट्ट्या आणि हातोड्यांचा अख्खा सांगाडा खणासारखा पुढे ओढून बाहेर काढता येतो. ओढताना एकही पट्टी दाबली जाता कामा नये. दाबली गेली तर तिची हातोडी वर उठते, वरच्या जाड लाकडाला अडकते आणि तिची दांडी कट्‌कन मोडते. मोडलेल्या हातोडीचं वजन करणं फार सोपं असतं. पण एवढ्यासाठी ही पद्धत वापरू नये.

आता हातोडी नीट पाहा. लाकडाचा चिमुकला साचा, आणि त्यावर प्रचंड दाबाखाली वाकवून चिकटवलेलं लोकरीचं जाड फेल्ट. बाहेरचा थर ताणलेला, आतला दाबलेला. एका पियानोत अशा ८८ असतात. अगदी डावीकडची, सगळ्यात खालच्या स्वराची हातोडी साधारण दहा ग्रॅमची, म्हणजे सराफ आज ज्याला तोळा म्हणतो तेवढी. अगदी उजवीकडची चार ग्रॅमच्या आसपास. दोन टोकांत फरक काय तो सहा ग्रॅमचा. या सहा ग्रॅमांवर युरोप-अमेरिकेत माणसांनी उभी आयुष्यं काढली आहेत.

हे वजन आलं कुठून? १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्सला मेदिची घराण्याची वाद्यं सांभाळणाऱ्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने पियानो घडवला. त्याच्या हातोड्या म्हणजे कागदाची डिंकाने चिकटवलेली पोकळ वळकटी आणि तिच्यावर चामड्याची पट्टी. वजन नावापुरतं. त्याचा १७२० सालचा पियानो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. तिथे काटा घेऊन जाऊ नये.

क्रिस्तोफोरीची खरी करामत मात्र हातोडी सोडून देण्यात होती. तारेला भिडण्याच्या जरा आधी हातोडी खालच्या यंत्रणेपासून सुटते आणि उरलेलं अंतर एकटी जाते. आजच्या ग्रँडमध्ये हे अंतर दीड-दोन मिलिमीटर असतं. पट्टी कितीही जोराने दाबून धरा, या दीड-दोन मिलिमीटरांत तुमची सत्ता चालत नाही. पियानोवादक तारेवर हातोडी दाबत नाही, फेकतो. एकदा फेकायचंच ठरलं की फेकायची वस्तू किती वजनाची, हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

मोझार्टच्या काळी व्हिएन्नात अंतोन वाल्टर जे पियानो करत असे, त्यांच्या हातोड्या इवल्याशा आणि चामड्याने मढवलेल्या होत्या. पुढे सभागृहं मोठी झाली आणि मागच्या रांगेतल्या माणसानेही तिकिटाचे पैसे दिलेले होते. तारा जाड झाल्या, ताण वाढला, लाकडी चौकट वाकू लागली. १८२५ मध्ये बॉस्टनच्या आल्फियस बॅबकॉकने अखंड ओतीव लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं. १८२६ मध्ये पॅरिसच्या पाप नावाच्या कारागिराने हातोडीवर फेल्ट चढवण्याचं पेटंट घेतलं. १८५९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टाइनवेने ग्रँडमध्ये खालच्या स्वरांच्या तारा बाकीच्यांवरून तिरप्या नेल्या. आज मोठ्या ग्रँडच्या सगळ्या तारांचा मिळून ताण वीस टनांच्या घरात जातो. एवढ्या ताणलेल्या तारेला कागदाच्या वळकटीने जाग येत नाही. हातोडी जड होत गेली ती अशी. बोटांचं मत कोणी विचारलं नव्हतं.

पायरी तिसरी : हातोडीवर आळ घेण्याआधी चौकशी करा

नवशिक्याला या विषयात आणणारं वाक्य बहुधा एकच असतं : ‘आमच्या पियानोच्या पट्ट्या जड आहेत.’ त्यावर ‘मग हातोड्या हलक्या करू’ हा उपाय लगेच सुचतो. नाचता येईना अंगण वाकडं, ही शक्यता सभ्यपणे बाजूला ठेवू. तरीही एक चौकशी राहतेच.

उजवं पेडल दाबून ठेवा, म्हणजे तारांवरचे दाबे उचलले जातील आणि हिशेबात येणार नाहीत. पट्टीच्या पुढच्या कडेशी पितळी वजनं एकेक करून ठेवत जा. ज्या वजनाला पट्टी सावकाश खाली जाऊ लागते आणि हातोडी सुटण्याच्या जागेपर्यंत चढते, ते लिहून ठेवा. पन्नास ग्रॅमच्या आसपास आलं तर रीतसर मानतात. आता उलटं करा. पट्टी खाली असताना वजनं कमी करत जा आणि किती वजन घेऊन ती सावकाश वर येते ते पाहा. वीसपेक्षा कमी असेल तर पट्टी वर यायला कुरकुरते आहे.

समजा, एका पट्टीचे आकडे आले ५२ आणि २४. दोन्हींची सरासरी ३८. हा खरा तोल. दोन्हींतल्या फरकाचं निम्मं १४. हे घर्षण. उत्तम. शेजारच्या पट्टीचे आकडे आले ६५ आणि १५. सरासरी ४०, घर्षण २५. आता नीट बघा. बोटाला दुसरी पट्टी तेरा ग्रॅमने जड लागते. पण त्यात तोलाचा वाटा दोनच ग्रॅमचा. बाकीचे अकरा घर्षणाचे. हातोडी निर्दोष आहे. गुन्हेगार दांडीच्या बुडाशी बसला आहे. तिथली बारीक पिन लोकरी कापडाच्या अस्तरात फिरते, आणि ते अस्तर दमट हवेत फुगून पिनेला आवळतं.

म्हणून मुंबईत, कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्या नवशिक्यांसाठी खास सूचना : जून ते सप्टेंबर या काळात हातोड्यांच्या वजनाविषयी कुठलाही निर्णय घेऊ नये. पावसाळ्यात सगळेच पियानो जड असतात आणि सगळेच मालक हातोड्यांना दोष देतात. दिवाळीपर्यंत अर्ध्या तक्रारी आपसूक मिटतात.

पायरी चौथी : सावकाराशी ओळख करून घ्या

पट्टी बोटाखाली साधारण दहा मिलिमीटर खाली जाते. तेवढ्यात तिकडे हातोडी पंचेचाळीस मिलिमीटरच्या आसपास अंतर कापते. मधल्या तरफा हा चमत्कार करतात, आणि तरफा फुकट काही करत नाहीत. हातोडीत एक ग्रॅम वाढला की पट्टीच्या टोकाला, म्हणजे तुमच्या बोटाला, पाच ते सहा ग्रॅम जास्त मोजावे लागतात. आपण साडेपाच धरू.

म्हणजे तुम्ही हौसेने दीड ग्रॅम जड हातोड्यांचा संच आणलात, तर पन्नासावर असलेली पट्टी अठ्ठावन्नवर जाते. दीडचे सव्वाआठ झाले. हे झालं सरळव्याज, आणि पट्टी हळूच दाबाल तोवर तेवढंच पडतं. पण वाजवणं म्हणजे पट्टी हळूच दाबणं नव्हे. वेगाने वाजवायचं तर थांबलेली हातोडी झटक्यात गतीत आणावी लागते, आणि तिथे तरफेचं गुणोत्तर एकदा नव्हे, दोनदा लागतं. साडेपाच गुणिले साडेपाच, म्हणजे तीस. हातोडीतला एक ग्रॅम भरधाव बोटाला तीस ग्रॅमच्या धोंड्याइतका जाणवतो. हे चक्रवाढ व्याज. हातोडीचं वजन म्हणजे सावकाराचं कर्ज : घेताना दीड ग्रॅम, संथ आलापीत सव्वाआठ, आणि द्रुत लयीत पंचेचाळीस.

पायरी पाचवी : शिसं भरून प्रकरण झाका

इथे प्रत्येक नवशिक्याला एक तेजस्वी कल्पना सुचते. पट्टी आठ ग्रॅमने जड झाली ना? मग पट्टीच्या पुढच्या भागात भोक पाडून शिशाची चकती बसवावी. पट्टी पुढून जड झाली की आपोआप खाली जायला मदत होईल. कल्पना नवी नाही. कुठल्याही ग्रँडची पट्टी बाजूने पाहिलीत तर शिशाचे करडे गोल ठिपके दिसतील. खालच्या स्वरांना जास्त, वर जाता जाता कमी होत गेलेले.

तेव्हा पट्टीच्या पुढच्या हाताच्या मध्यावर सोळा ग्रॅमची चकती बसवा. मध्यावर असल्याने टोकाला तिचे आठच पडतात. पितळी वजनं पुन्हा ठेवून पाहा. पन्नास! वहीत ‘सिद्ध’ असं लिहा आणि चहा घ्या.

चहा झाल्यावर एखादी जलद तान वाजवून पाहा. पट्ट्या जडच आहेत. पितळी वजनं खोटं बोलली नाहीत. त्यांना फक्त सरळव्याज मोजता येतं. शिशाने तोल सांभाळला, पण जड हातोडीला गती देण्याचं काम होतं तिथेच राहिलं, आणि शिशाने स्वतःचीही थोडी भर घातली. कागदावर सुरेख पन्नास दिसणारे आणि हाताला दगड लागणारे पियानो जगात कमी नाहीत. त्यांच्या पट्ट्यांत शिसं किती आहे ते मोजावं. तेवढ्यावरून कोणी काय झाकलं ते कळतं.

दुसरी पळवाट तरफेची. हातोडीच्या दांडीखाली कातड्याची एक छोटी गुंडाळी असते. खालून येणारा रेटा ती झेलते. दांडीच्या बुडापासून ती सोळा मिलिमीटरवर असेल आणि तुम्ही सतरावर नेली, तर गुणोत्तर सुमारे सहा टक्क्यांनी उतरतं. व्याजाचा दर कमी झाला! मात्र आता हातोडीला तेवढंच अंतर उडवायला पट्टी जास्त खोल जावी लागते. दहाच्या ऐवजी दहा पूर्णांक सहा दशांश मिलिमीटर. बोटांना चालत असेल तर हरकत नाही. बऱ्याचदा चालत नाही.

पायरी सहावी : आवाजाचा विचार करा (उशिरा का होईना)

पाच पायऱ्या झाल्या आणि आवाजाचा विषय निघाला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. नसेल आलं, तर तुम्ही तरबेज होत चालला आहात.

जड हातोडी तारेला जास्त जोर देते आणि तारेवर जरा जास्त वेळ बसते. खालच्या स्वरांना हे मानवतं. जाड, लांब तार, तिला हलवायला जड हात हवा. आवाज भरदार, गोल येतो. तिथे हातोडी तारेला काही सहस्रांश सेकंद चिकटून असते आणि तेवढ्याने कोणाचं बिघडत नाही. उजव्या टोकाला परिस्थिती निराळी. शेवटच्या स्वराची तार जेमतेम पाच सेंटिमीटर, आणि ती सेकंदाला ४१८६ वेळा कंपते. म्हणजे एक कंपन पाव सहस्रांश सेकंदात आटोपतं. हातोडी उठायच्या आत तारेची कंपनं जाऊन-येऊन परत तिच्यावरच आदळतात, आणि ज्या हातोडीने आवाज काढला तीच तो दाबून टाकते. वरच्या सप्तकात जड हातोडी म्हणजे नाकापेक्षा मोती जड. स्वराऐवजी लाकडाचा ‘टक्’ ऐकू येतो.

हलकी हातोडी लवकर उठते आणि तारेतले बारीक, उंच स्वरांश मोकळे सोडते. आवाज लख्ख येतो. फार हलकी केलीत तर किरकिरा आणि बारका. दिवाणखान्यात गोड वाटणारा हा आवाज मोठ्या सभागृहात तिसऱ्या रांगेत विरतो.

नवशिक्यांचा इथला नेहमीचा घोटाळा म्हणजे वजन आणि कठीणपणा एकच समजणं. फेल्ट जितक्या जोराने दाबलं जातं तितकं ते ताठर होत जातं. म्हणून पियानो जोरात वाजवला की आवाज नुसता मोठा होत नाही, उजळही होतो. आवाज फार उजळ, टोचरा वाटला तर कारागीर फेल्टमध्ये सुया टोचून ते सैल करतो. मवाळ वाटला तर वरून पॉलिशपेपर मारतो किंवा लाखेचं पातळ द्रावण पाजतो. यातलं निम्मं काम वजनाला हात न लावता होतं. तरीही तुम्हाला वजनच बदलायचं असेल, तर पुढच्या पायरीकडे वळा. तिथे पैसे खर्च करता येतात.

पायरी सातवी : कॅटलॉग मागवा आणि हरवून जा

हातोड्यांचे जगप्रसिद्ध संच मुख्यतः जर्मनी, जपान आणि अमेरिकेत तयार होतात. जर्मनीत रेनर आणि आबेल ही नावं वारंवार येतात. फेल्टही जर्मन असेल तर ते बहुधा लाइपझिगजवळच्या वुर्त्सेन गावचं. तिथला फेल्टचा कारखाना १७८३ पासूनचा. साच्याचं लाकूड महोगनी असेल तर हातोडी हलकी, मेपल किंवा हॉर्नबीम असेल तर जड. एवढं समजलं की तुम्हाला वाटतं, आता ऑर्डर देता येईल.

तेवढ्यात अमेरिकन कॅटलॉगमध्ये ‘सोळा पौंडी हातोड्या’ दिसतात. घाबरून जाऊ नका. हा गटाराची झाकणं फोडायचा घण नाही. सोळा पौंड हे फेल्टच्या मूळ अख्ख्या तावाचं वजन. तो ताव डावीकडे जाड आणि उजवीकडे पातळ असतो आणि त्यातून कित्येक संचांच्या पट्ट्या कापतात. चौदा पौंडी हलका, सोळा पौंडी मध्यम, अठरा पौंडी भारी, एवढा अंदाज येतो. तुमच्या वहीतल्या ग्रॅमांशी त्या आकड्याचं थेट नातं लावायला जाऊ नये. साच्याचं लाकूड, शेपटीचा आकार, बाजूंचा उतार, सगळं मध्ये येतं.

कॅटलॉगसोबत आवडत्या वादकाचं नावही पुढे करू नये. व्लादिमीर होरोवित्झचा स्टाइनवे विलक्षण हलका आणि नाजूक स्पर्शाचा म्हणून प्रसिद्ध होता. ग्लेन गूल्ड आपल्या सीडी ३१८ क्रमांकाच्या स्टाइनवेच्या चपळ पट्ट्यांवर जीव टाकत असे. ते पियानो त्या हातांसाठी वर्षानुवर्षं घासूनपुसून लावलेले होते. त्यांची वजनं तुमच्या पियानोवर आणलीत तर वजनं येतील, हात येणार नाहीत.

पायरी आठवी : शेजाऱ्यापाजाऱ्यांत समेट घडवा

खरं काम आत्ता सुरू होतं. १९९० च्या दशकात डेव्हिड स्टॅनवुड या अमेरिकन कारागिराने एक साधी, चिकाटीची गोष्ट केली. दांडीचं बूड टेकूवर आणि हातोडीचं डोकं काट्यावर ठेवून, दांडी आडवी समतल असताना तो वजनं घेत गेला. एका पियानोची नव्हे, पुष्कळ पियानोंची. मग त्याने ते आकडे कागदावर मांडले : हलक्या, मध्यम, जड संचांच्या उतरत्या वक्ररेषा. या मोजणीला दांडीचाही थोडा भार लागतो, म्हणून आकडा नुसत्या हातोडीपेक्षा दीड-दोन ग्रॅमने जास्त येतो.

तुमच्या संचाचं असं वजन घ्या. ८८ आकडे वहीत एकाखाली एक लिहा. बेरीज करू नका, तिचा काही उपयोग नाही. एका आकड्यावरून दुसऱ्यावर बोट फिरवा. ११.२, ११.१, ११.३, १०.४, ११.०. तो चौथा दिसला का? तिथे संच अडखळला. कारखान्यातून आलेल्या चांगल्या संचातही असे आकडे निघतात. लाकडाची घनता कमीजास्त, फेल्टचा दाब कमीजास्त. कान तो स्वर वेगळा काढतो, बोट तिथे ठेचकाळतं, आणि वादकाला वाटतं की आपला सराव कमी पडला.

हलक्या हातोडीच्या लाकडात बारीक भोक पाडून शिशाच्या तारेचा तुकडा ठोका. जड हातोडीचं लाकूड बाजूने आणि शेपटीकडे तासा. फेल्टला हात लावू नका. आवाज तिथे राहतो. काट्यावर ठेवा, तासा, पुन्हा ठेवा. ग्रॅमच्या दहाव्या हिश्शापर्यंत जुळवा. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. ते झाल्यावर एक गोष्ट कळते : संच अर्धा ग्रॅम जड आहे की हलका, याला माणसाची बोटं आठवडाभरात सरावतात; पण शेजारशेजारच्या दोन हातोड्यांत अर्ध्या ग्रॅमचा फरक असेल, तर त्याला कधीच सरावत नाहीत. पहिल्या सात पायऱ्यांत आपण ज्या आकड्यावर डोकं फोडलं, त्यापेक्षा ही उतरण जास्त महत्त्वाची. हे आम्ही पहिल्याच पायरीला सांगू शकलो असतो; पण मग तुम्ही काटा घेतला नसता.

शंका-समाधान

नव्या हातोड्या घातल्यावर पट्ट्या जड झाल्या. फसवणूक झाली का?
बहुधा नाही. तारांनी पाडलेले चरे काढायला जुन्या हातोड्या वेळोवेळी तासलेल्या असतात. वीस-तीस वर्षांत त्यांचं बरंच फेल्ट गेलेलं असतं. तुम्ही ज्याला पियानोचं मूळ वजन समजत होता, ते झिजलेलं वजन होतं. फेल्टला कसर लागली असेल तर आणखीच. मग ते वजन कारखान्याने ठरवलेलं नसतं, तुम्हीही नाही. ते कसरीने ठरवलेलं असतं. डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात.

इलेक्ट्रॉनिक पियानोतही हातोड्या असतात असं ऐकलं.
चांगल्या मॉडेलांत असतात. तार नसते, फेल्ट नसतं, ठोका कशावर बसणार हाही प्रश्न नसतो. तरी डावीकडच्या पट्ट्या जड आणि उजवीकडच्या हलक्या ठेवतात. बोटांना हातोडीच्या वजनाची इतकी सवय झाली आहे की हातोडीचं काम संपलं तरी वजन काढता येत नाही.

मग शेवटी योग्य वजन कोणतं?
तारा किती जाड, तरफेचं गुणोत्तर किती, पट्टी किती खोल जाते, खोली केवढी, आणि वाजवणार कोण, हे सांगा. पहिली चार उत्तरं पियानो आणि घर बांधणाऱ्याने आधीच देऊन ठेवली आहेत. त्यामुळे तुमच्या निवडीला ग्रॅम-दीड ग्रॅमची जागा उरते. पाचवं उत्तर दर काही वर्षांनी बदलतं : आज घरातली दहा वर्षांची मुलगी वाजवते, पुढे तीच कॉलेजात जाऊन रखमानिनॉफ मागेल. कारागीर घरी आला की पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि यजमान त्याला वहीतले ग्रॅम वाचून दाखवतात.

जुन्या हातोड्यांचं काय करावं?
फेकू नयेत. प्रत्येकीवर पेन्सिलीने तिचा क्रमांक लिहून, खोक्यात ओळीने लावून, पियानोच्या जवळपास ठेवाव्यात. मूळ लांबी, मूळ कोन, मूळ साच्याचं लाकूड यांचा तोच एक पुरावा असतो. पुढे कधीतरी कोणीतरी हा पियानो उघडेल, तुमची वक्ररेषा पाहून चुकचुकेल, पट्टीतलं शिसं मोजेल आणि विचारेल, ‘हे वजन कोणी निवडलं?’ त्या वेळी तुमच्या आकड्यांपेक्षा ते खोकं त्याच्या जास्त कामाचं ठरेल. वही मात्र लपवून ठेवावी.